अकरा किलो चारशे

भंगारवाल्या इस्माईलच्या काट्यावरून
सायकलची रिम आणि फुटकी कढई बाजूला सारली
आणि पाडीला गोणपाटात गुंडाळून ठेवलं.
आकडा अकरा चारशेवर थांबला.
इस्माईलने काट्याला टिचकी मारून पाहिली.
आकडा हलला नाही.

गावाचं नाव गोठिवली,
आमच्या आळीत गोठा उरलाय एकच.
टॉवरमधली पोरं रविवारी मोरीला बघायला येतात,
फोटोत घेतात,
शेण चुकवत परत जातात.

बारकीआत्या म्हणाली,
"तिचे तोंडान बोट घाल. ऊन हाय का बग."
घातलं.
फ्रिजमधल्या भांड्याला हात लागावा तसं गार.
जीभ बोटाखाली नुसती पडून होती,
ओढायची तिला काही घाई नव्हती.

चोळली. पोत्याने, मग टॉवेलने,
मग भाचीच्या केस वाळवायच्या मशीनने,
जे तिने हळदीसाठी घेतलं होतं
आणि ज्याला आता वारेचा वास लागलाय.
उभी केली. बसली.
उभी केली. चार पाय चार गावांना निघाले.

सड कुठे असतो ते तिला कुणी सांगितलंच नव्हतं.
तिने मोरीचा गुडघा चोखला,
भिंतीचा पोपडा,
माझ्या पँटचा खिसा, आतल्या कंपनीच्या ओळखपत्रासकट.
सापडला तेव्हा तोंडात मावेना,
चिकाने तटतटलेला, माझ्या अंगठ्याहून जाड.
आणि मोरीने लाथ झाडली.
बादली मोटरसायकलखाली गेली.

डॉक्टर फोनवर म्हणाले, वजन किती?
सांगितलं. ते जरा थांबले.
"सकाळपर्यंत सव्वा लिटर चीक पोटात गेलाच पाहिजे.
नरसाळ्याने ओतू नका, छातीत जाईल.
तिचं तिने गिळू दे."

एवढ्यात सरपोतदार बाई आल्या, नववा मजला,
हातात स्टीलचा डबा,
खरवसाचा, दर वेताला ठरलेला.
आत्याने मान हलवली.
"यंदा न्हाय, बाय."
बाईंनी पाडीकडे पाहिलं, डबा गव्हाणीवर ठेवला,
आणि काही न बोलता गेल्या.
मला वाटलं, रागावल्या.

अर्ध्या तासाने परत आल्या.
बाळाची बाटली घेऊन.
बाटली पिवळी पडलेली, जुनी,
निपलचं पाकीट न फोडलेलं.
आम्ही विचारलं नाही.
सुई गॅसवर लाल करून आत्याने भोक मोठं केलं.

चीक हळदीसारखा, दाट,
गरम पाण्यात बाटली धरून कोमट ठेवायचा.
एक घोट आत, दोन हनुवटीवरून माझ्या मांडीवर.
आत्याने पाडीच्या पाठीला गूळमीठ चोळलं,
तेव्हा कुठे मोरीने मान वळवली,
आधी गुळासाठी,
मग, कधी ते कळलं नाही, नुसतीच चाटत राहिली.
बाईंनी मोबाईलचा उजेड धरला होता.
हात दुखला की हात बदलत होत्या.

पावणेचारला मी बसल्या बसल्या पेंगलो.
वरून जाणाऱ्या हायटेन्शनच्या तारा गुणगुणत होत्या.
कोपराला काहीतरी लागलं.
परत लागलं.
ढुशी.
इतकी बारकी, की शर्टाची घडीसुद्धा मोडली नसती.

तिघांनी उचलून मोरीखाली नेली.
आत्याने सड दोन बोटांत चपटा केला,
पोराला भाताचा घास भरवावा तसा आत सारला,
आणि तोंड मिटलं.
काही क्षण काहीच नाही.
मग शेपूट.
आधी टोक, मग सगळी,
घरात कुणी नसताना दाराची बेल वाजत राहावी तशी
थांबेचना.
मोरीने पान्हा सोडला.
तो घशातून उतरताना ऐकू येत होता.
आत्या म्हणाली, "आता बोलू नका कोनी."
कोणी बोलतच नव्हतं.

चौथ्या दिवशी पुन्हा इस्माईलचा काटा.
अकरा नऊशे.
त्याने पुन्हा टिचकी मारली,
मग स्वतःच हसला.
पाडी काट्यावरून उतरली
आणि त्याची लुंगी चोखू लागली.

सरपोतदार बाईंचा डबा अजून गव्हाणीवरच आहे.
न्यायचं त्या विसरतात, द्यायचं आम्ही.
आत्या सध्या त्यात मीठ ठेवते.